नागपुरात फास्ट, जबलपुरात स्लो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच.

तसा मी गप्प बसणारा माणूस नाही. स्वतःची फजिती सांगण्यात माझा हात धरणारा निदान जबलपूरच्या आमच्या मदन महलात तरी कुणी नाही. भेडाघाटला नावाड्याला अक्कल शिकवायला नावेत उभा राहिलो आणि पाण्यात गेलो, तो किस्सा मी अजून लग्नांत सांगतो. मुलाखतीला बाबांचे बूट घालून गेलो आणि साहेबांच्या खोलीतून निघताना एक बूट आतच राहिला — तोही सांगतो. लोक हसतात, चहा पाजतात. पण हा एक किस्सा मी काढत नाही. यातही हसण्यासारखं पुष्कळ आहे. मग का काढत नाही? कारण हसून झालं की मला राग येतो, आणि तो राग कुठं ठेवायचा हे पन्नाशी ओलांडली तरी मला कळलेलं नाही.

तर — एक बँड होता. परदेशी, हेवी मेटलवाला. नाव सांगत नाही. त्या बिचाऱ्यांचा यात काडीचा दोष नाही, आणि आम्ही त्यांना इतक्या शिव्या घातल्यात की आता नाव घ्यायला तोंड नाही. आम्ही त्यांना 'भट्टी' म्हणायचो, कारण पहिल्या कॅसेटच्या कव्हरवर एक धगधगती भट्टी होती. हेवी मेटल म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर माझ्या आईची व्याख्या घ्या. ती म्हणायची, भांड्यांचं कपाट पडलं अन् कोणी उचलून नाही राहिलं.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही कॉलेजात होतो आणि आमचाही बँड होता. तिवारी गायचा, सिविल लाइंसमध्ये त्याच्या वडिलांचा सरकारी बंगला, त्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये आमची प्रॅक्टिस. त्याचा चुलतभाऊ बास गिटार वाजवायचा, म्हणजे गळ्यात अडकवून उभा राहायचा. मी गिटारवर. आणि ड्रमवर सुबोध.

सुबोध आमच्या गल्लीच्या मागच्या गल्लीत राहायचा. त्याचे वडील उमरेडकडचे, माझे आजोबा वर्ध्याचे. राज्यांची वाटणी झाली तेव्हा आमची दोन्ही घरं नोकरीपायी इकडेच राहिली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. बँडमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच — आणि मराठी म्हणजे ती आमची नागपुरी, तिच्यावर जबलपूरचा तडका मारलेली, जी ऐकून माझी पुण्याची मावशी कानावर हात ठेवायची. चारचौघांत आम्ही हिंदीच बोलायचो. पण महत्त्वाचं काही असलं की सुबोध मराठीवर यायचा. स्टेजवर मी घाईला आलो की ड्रमच्या मागून हळूच म्हणायचा, "हळू घे बे." तिवारीला कळायचं नाही. मला कळायचं, मी सावरायचो, आणि नंतर सगळ्यांना सांगायचो की आज मी मुद्दाम संथ वाजवलं.

तो काही साधा-गरीब वगैरे नव्हता, हे आधीच सांगतो. त्रासदायक होता. बाक, डबा, स्कूटरची सीट, माझी पाठ — जे हाताखाली येईल ते बडवायचा. जयंतीच्या मिरवणुकीत ताशा त्याच्याकडे असायचा आणि तो वाजवायला लागला की पुढच्या ट्रॉलीवरचे लोकही त्याच्याकडे तोंड करून नाचायचे. लग्नातल्या बँडवाल्यांना भर वरातीत थांबवून लय चुकली म्हणून सांगणारा तो एकटाच. कोण घसरला, कोण पळाला, हे त्याला कळायचं आणि कळलं की सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. त्याची सगळी ऐट त्या एका गोष्टीवर होती.

आणि माझी ऐट? तीही सांगतो. मला सगळे 'उस्ताद' म्हणायचे. कारण भट्टीचे ते सुसाट सोलो, ज्यांत बोटं दिसत नाहीत, ते मी चार दिवसांत बसवून आणायचो. मी सांगायचो, एकदा ऐकलं की बोटांत उतरतं, काय करू, देणगी आहे. पोरं माना डोलवायची. हॉस्टेलची पोरं तर माझी बोटं बघायला यायची.

देणगी कसली डोंबलाची. बाबांचा एक जुना टेपरेकॉर्डर होता. त्याचं मागचं झाकण काढलं की मोटरच्या पाठीवर एक बारीक भोक दिसायचं आणि भोकात एक स्क्रू. पेचकस घालून तो जरासा फिरवला की मोटर मंदावायची. मोटर मंदावली की फीत हळू फिरायची, आणि सोलोतला एकेक सूर वेगळा, सावकाश, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसा ऐकू यायचा. गिटारच्या तारा सैल करून तेवढ्याच खालच्या सुरात आणायच्या आणि बसून घोकायचं. झालं की स्क्रू परत जागेवर. जागा चुकू नये म्हणून मी आईच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका तिथं देऊन ठेवला होता. खोलीचं दार लावून मी हे करायचो. आई बाहेरून विचारायची, आज भूत काहून रडून राहिलं आत.

आता कॅसेटींचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. भट्टीची ओरिजनल कॅसेट जबलपूरला मिळायची नाही. आमच्या शहरातल्याच गोरखपुर बाजारातला एक दुकानदार मुंबईहून मागवून द्यायचा, आणि ती एकच यायची, सगळ्यांत मिळून. ती फार वाजवायची नाही, असा आमचा कायदा होता. ती फक्त एकदा लावायची, तिच्यावरून एक कॅसेट भरायची, आणि मग पुढच्या सगळ्या कॅसेटी त्या भरलेल्या कॅसेटीवरून भरायच्या. ओरिजनल माझ्या कपाटात. भरायचं कामही माझ्याकडे, कारण दोन मशिनी माझ्याच घरी होत्या — बाबांच्या टेपवर ओरिजनल वाजायची आणि वायर लावून माझ्या डेकवर भरली जायची. आणि त्याहून कडक कायदा म्हणजे भरताना आवाज बंद. पूर्ण बंद. नवा अल्बम सगळ्यांनी एकत्र, एकाच वेळी पहिल्यांदा ऐकायचा. भरणाऱ्यानं आधी चोरून ऐकलं तर ते पाप. बाकी आयुष्यात मी काय काय केलं ते जाऊ द्या, पण हा कायदा मी कधी मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षी भट्टीचा राखाडी कव्हरचा अल्बम आला. वर्षभर वाट पाहिलेली. दुपारी मी दार लावून बसलो, आवाज शून्यावर, दोन्ही कॅसेटी गुपचूप फिरताहेत. पहिली बाजू संपायच्या आधीच माझ्या डेकमधली कोरी कॅसेट खट्‌ करून थांबली. ओरिजनल अजून फिरत होती. दुसऱ्या बाजूलाही तेच. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, कोऱ्या कॅसेटवाल्यानं फसवलं, फीत कमी भरली साल्यानं. त्याच आठवड्यात बाबांनी त्यांची नाट्यगीतांची कॅसेट लावली होती आणि म्हणाले होते की आज बुवांना सर्दी झाल्यासारखी वाटून राहिली. मी म्हटलं, बाबा, दमट हवा आहे, फीत ओलावते. उस्ताद ना मी.

मग गॅरेजमध्ये ती सभा. पंधरा-वीस पोरं, हॉस्टेलचीही. तिवारीनं कॅसेट लावली. पहिलं गाणं सुरू झालं आणि — कसं सांगू — वाघाची वाट बघत असताना म्हैस यावी तसं झालं. जड. मंद. गिटार चिखलातून ओढल्यासारखी. गाणाऱ्याचा आवाज रिटायर झालेल्या हेडमास्तरचा. पहिली बाजू तर गाण्याच्या मधोमध तुटली, धाडकन. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हॉस्टेलचा एकजण म्हणाला की हे मुद्दाम केलंय, मृत्यू असाच मधोमध येतो, असं त्यांना म्हणायचंय. दुसरा म्हणाला, पैसे संपले असतील. तिवारी उठला, त्यानं कॅसेट बंद केली आणि भट्टीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तो राग खरा होता, बरं का. आज तुम्हाला गंमत वाटेल, पण आमच्यासाठी ती फसवणूक होती. त्या दिवसांत एकेक बँड मऊ पडत चालला होता — केस कापत होते, संथ रडकी गाणी म्हणत होते — आणि भट्टी तेवढी शिल्लक होती. हे आमचे होते. घरात, कॉलेजात, कुठंच आमचं कुणी ऐकत नव्हतं, आणि हे आमच्या वतीनं ओरडत होते. आणि आता हेही म्हातारे झाले? मी उभा राहिलो आणि भाषण केलं. त्यात मी 'बिकाऊ' हा शब्द इतक्यांदा वापरला की पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. तिवारीनं भिंतीवरचं पोस्टर उतरवून त्याला झेंडूचा हार घातला, पुढं उदबत्ती लावली. चुलतभाऊ चौकातून कचोऱ्या घेऊन आला, तेराव्याचं जेवण म्हणून. माझ्या हातानं रंगवलेला भट्टीचा टी-शर्ट मी सगळ्यांदेखत फाडला. नंतर हॉस्टेलात, गोरखपुरात, जिथं जिथं ती कॅसेट भरून गेली तिथं तिथं हाच राग गेला. जबलपुरात त्या अल्बमचं नाव काढलं तर मारामारी व्हायची वेळ.

सुबोध त्या सभेला नव्हता. मामाकडं नागपूरला गेला होता. चार दिवसांनी आला तो नाचतच. मामेभावाकडं त्यानं हाच अल्बम ऐकला होता, ओरिजनल, आणि त्याचं म्हणणं की भट्टीनं आजवर असलं काही केलेलं नाही, ड्रमर माणूस नाही, मशीन आहे. गॅरेजमध्ये शिरता शिरता तो लोखंडी फाटकावर तो ठेका वाजवत होता. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग तिवारीनं आमची कॅसेट लावली.

सुबोधनं जरा वेळ ऐकलं आणि हे ते नाहीच म्हणाला. मग काय, भाई, नागपूरसाठी वेगळा छापलाय का, असं तिवारीनं विचारलं. सगळे हसले. सुबोध हट्टाला पेटला. टेबलावर वाजवून दाखवायला लागला, इतकं फास्ट, असं. कॅसेट भरताना गडबड झालीय, म्हणाला, मशीनच खराब आहे.

मशीन माझी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला खरंच काही ठाऊक नव्हतं — हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही, जे झालं त्या क्रमानं सांगतोय. मला फक्त अपमान वाटला. मी म्हटलं, बघतो घरी जाऊन.

घरी गेलो. झाकण काढलं. लाल ठिपका एकीकडे आणि स्क्रू भलतीकडे.

मागच्या आठवड्यात एक सोलो घोकत होतो, तेवढ्यात आईनं पोळ्या गरम आहेत म्हणून हाक मारली, मी तसाच उठलो आणि विसरलो. एवढंच. पोळ्या गरम होत्या म्हणून आख्ख्या शहराला भट्टी म्हातारी वाटली.

मी स्क्रू ठिपक्यावर आणला. कायदा मोडला. ओरिजनल लावली आणि हेडफोन कानाला लावून ऐकली.

काय सांगू तुम्हाला? पहिल्याच गाण्याला माझे गुडघे पलंगावर आपोआप उडायला लागले. त्यांनी आजवर केलं होतं त्या सगळ्याच्या वर होतं ते. धावत होतं, आणि एक पाऊल चुकत नव्हतं. मधोमध तुटलेलं गाणं पुढं असं उसळत होतं की मी उशी चावली. आई दारात येऊन म्हणाली, आता काहून नाचून राहिला, तवा तर कोणी मेल्यासारखं तोंड केलं होतं. मला रडू येत होतं. सुबोधचा शब्द अन् शब्द खरा होता.

उद्या जाऊन सांगायचं. सोपं होतं ना? मशीन हळू होती, माझी चूक झाली, चला परत ऐकू. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता — हळू का होती? स्क्रू कुणी फिरवला? कशासाठी? आणि मग देणगी, बोटं, उस्ताद — सगळं त्या भोकातून बाहेर पडलं असतं. हॉस्टेलच्या पोरांना कळलं असतं की उस्ताद बालवाडीच्या वेगानं शिकतो. शिवाय मी शर्ट फाडला होता. सगळ्यांदेखत. शर्ट फाडलेला माणूस मागं कसा येणार?

पण खरंच सांगतो, गॅरेजच्या फाटकापर्यंत माझं ठरलेलं नव्हतं.

आत गर्दी होती. निवाड्यासारखं वातावरण. पुढच्या महिन्यात भोपाळला कॉलेजांच्या बँडची स्पर्धा होती आणि तिवारीच्या ओळखीचा एक मुलगा होता, स्वतःचा ड्रमसेट असलेला, बँडमध्ये यायला टपलेला. तिवारी म्हणत होता, ज्याला फास्ट आणि स्लो यातला फरक कळत नाही तो ड्रमवर कसा बसणार. मस्करीत म्हणत होता अजून. सुबोधही हसत होता. हसतच तो माझ्याकडे वळला, आणि मराठीत म्हणाला —

"तू सांग ना बे. तुह्याजवळ ओरिजनल आहे. मी खोटं बोलून राहिलो का?"

आम्ही मराठीत कधी खोटं बोललो नव्हतो. असं काही ठरलं नव्हतं, पण होतं तसं. त्यानं ते मराठीत विचारलं याचा अर्थ एवढाच होता की आता गंमत पुरे.

मी हिंदीत उत्तर दिलं. सगळ्यांना कळावं म्हणून.

"ओरिजनल सुन के आ रहा हूँ। स्लो ही है, भाई। तेरा टेम्पो गड़बड़ है।"

पहिलं वाक्य खरं, हे लक्षात घ्या. दुसरं खोटं. आणि तिसरं? तिसऱ्याची तर गरजही नव्हती. ते मी का म्हणालो? टाळी मिळेल म्हणून. आणि मिळाली. हॉस्टेलच्या पोरांनी दोन्ही हातांनी वाजवली. सुबोध माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता — राग असता तर मी वाचलो असतो. तो काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता. मामेभावाकडचा तो दिवस डोक्यात परत वाजवून बघत होता बहुतेक.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओरिजनल ऐकायला मागितली. मी देतो म्हटलं आणि घरी येऊन ती कॅसेट हातात घेतली, पेन्सिल घातली आणि सगळी फीत ओढून बाहेर काढली. ढीग झाला मांडीवर. वर्षभर वाट पाहिलेला अल्बम, आणि मी तो कोंबडी सोलावी तसा सोलला. मग त्याला दाखवला आणि म्हटलं, मशीननं खाल्ली रे. तो म्हणाला, अरेरे. माझ्या नुकसानीचं वाईट वाटलं त्याला. जुळवून बघू का, म्हणाला.

ड्रमच्या स्टूलवर सुबोधच्या जागी तो नवा मुलगा बसला. भोपाळला आम्ही पहिल्याच फेरीत आपटलो. तो मुलगा घोड्यावर बसल्यासारखा पळत सुटला, मी त्याच्यामागं धापा टाकत, आणि माझ्या मागून कुणी काही म्हणालं नाही. ही फजिती मी लोकांना रंगवून सांगतो. त्या स्टूलवर आधी कोण बसायचं, तेवढं गाळतो.

इथवर असतं तरी चाललं असतं. पोरवयातली हलकट गोष्ट, कुणी केली नाही? पण त्यानंतर काही दिवसांनी सुबोध माझ्या घरी आला. आईनं चिवडा दिला. तो नेहमीसारखा वाटीवर वाजवत नव्हता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला की त्यानं घड्याळाच्या टिकटिकीवर वाजवून पाहिलं, बरोबर येत होतं, पण आता बरोबर म्हणजे काय तेच समजत नाही.

"मले खरंच फास्ट ऐकू आलं होतं बे. पण तू म्हणतोस तं... मह्या कानातच काही खोट असंन का?"

बघा, दार बंद होतं. तिवारी नव्हता, टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं, आई स्वयंपाकघरात. मराठीत विचारलं होतं. टेप समोर टेबलावर होता, लाल ठिपक्यासकट. मला फक्त हात लांब करायचा होता.

मी म्हटलं, "होते कधी कधी. मनावर नको घेऊ."

हे मी मराठीत म्हटलं.

त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत तो ताशाच्या मागं चालत होता, हात खिशात घालून. ताशा दुसऱ्याकडं होता. मी फुटपाथवर उभा. त्याच्या बस्तीतल्या एका काकांनी मला विचारलं, काहून वाजवून नाही राहिला हा, तुले काही बोलला का? मी म्हटलं, अभ्यास असेल. त्यानं पुन्हा कधी वाजवलं नाही. ना ताशा, ना बाक, ना माझी पाठ.

आणि खरं सांगू, मला त्याचाच राग यायचा. हो, त्याचा. का ऐकलंस माझं? ज्यानं वराती थांबवल्या, त्यानं माझ्यासारख्या थापाड्याच्या एका वाक्यावर स्वतःचे कान टाकून द्यावेत? भांडला का नाहीस, नागपूरहून कॅसेट आणून माझ्या तोंडावर का मारली नाहीस? हा राग मी कित्येक वर्षं पोसला. सोयीचा होता. त्यानं झोप लागायची.

पुढं सगळं फोनवर मिळायला लागलं. राखाडी अल्बमही. जो ऐकेल त्याला तो फास्ट वाटणारच होता. मला वाटलं, आता फुटतंय बिंग. छे. तुम्ही फॅन लोकांना ओळखत नाही. तिवारी — आता भोपाळला असतो, टक्कल पडलंय — त्यानं आमच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर लिहिलं की जगभरातून शिव्या खाल्ल्यावर कंपनीनं लाजेनं अल्बमचा वेग वाढवून तो पुन्हा काढला, हा जो मिळतोय तो दुरुस्त केलेला. पंधरा जणांनी लाइकचे अंगठे टाकले. एकानं लिहिलं की ओरिजनल तर आपण ऐकलाय, आपल्याला काय सांगता. मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. इतकी वर्षं एका सैल स्क्रूवर उभी असलेली ती खात्री — आणि तिचा तो माज. पण माज कुणी शिकवला त्यांना? भाषण कुणी केलं होतं?

सुबोधनं त्या दिवशी फक्त मला विचारलं, ग्रुपवर नाही. तो इथंच सरकारी ऑफिसात आहे, अजून त्याच घरात. विचारलं की दुरुस्त केलाय म्हणे, खरं का? मी म्हटलं, हो, तसंच आहे. आता मोजत बसू नका, हे कितवं खोटं.

भट्टीचा गेल्या आठवड्यात नवा अल्बम आला. सगळे आजोबा झालेत, तरी आला. ग्रुप पेटलाय. कुणी म्हणतं, थकले, यांनी आता देवदर्शन करावं. कुणी म्हणतं, तोच जुना जोर. तिवारीनं फर्मान काढलंय की उस्ताद बोलल्याशिवाय निकाल नाही. रोज कुणीतरी आठवण करतं, उस्ताद, बोलो. अजूनही उस्ताद. काय चीड येते त्या शब्दाची.

आज सकाळी सुबोधचा फोन आला. तब्येत विचारली, आईचं विचारलं. मग म्हणाला, नवीन अल्बम ऐकला, दोनदा. त्याला चांगला वाटला. मग आवाज उतरवून म्हणाला —

"मले तं फास्ट वाटून राहिला. पण तू ऐक आधी. तू सांगशील मग समजन."

मी म्हटलं, ऐकून सांगतो, आणि फोन ठेवला.

मी तो ज्या दिवशी आला त्याच दिवशी ऐकला होता. फास्ट आहे. चांगलाच फास्ट आहे. आता संध्याकाळ होत आलीय, फोन समोर पडलाय, आणि मी अजून त्याला सांगितलेलं नाही.